रॉकेटचे नाक कशाचे असावे?



यंदाच्या विज्ञान मेळ्यात आठवी-नववीच्या मुलामुलींनी पाण्याच्या जोरावर उडणारी रॉकेट्स मैदानात सोडली, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप आणि रबरी बूच, एवढेच सामान. वर जाताना सर्वच रॉकेट्स छान गेली. खाली येताना मात्र नाकांची दुर्दशा झाली. जाड कागदाचे शंकू चेपले, थर्माकोलची टोके भुगा झाली, आणि एक रॉकेट सायकल स्टँडच्या पत्र्यावर असे आदळले की आवाजाने बालवाडीचा वर्ग बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी नववीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, नाकावर भोवऱ्याची आर बसवली तर? मग मोडायचे कामच नाही." त्याच आठवड्यात एका पालकांची चिठ्ठी आली. अमेरिकेत हौशी लोक खऱ्या इंधनाची, आवाजाहून वेगवान रॉकेट्स उडवतात, तसे काही आपल्या शाळेत का होऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. दोन्हींचे उत्तर एकाच वस्तूपाशी येऊन थांबते आणि ती वस्तू म्हणजे रॉकेटचे नाक. म्हणून या अंकाचा पाठ त्याच्यावर.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्या तोंडी आधी 'नासिका शंकु' येतो. मराठी पुस्तकांत 'अग्रशंकू' असाही शब्द वाचला आहे. पण 'नाक' म्हटले की पहिलीच्या मुलालाही कळते, तेव्हा नाकच म्हणू या.

प्रथम एक गैरसमज दूर करू. नाक जितके टोकदार तितके रॉकेट वेगवान, असे बहुतेकांना वाटते. ध्वनीच्या वेगापेक्षा बऱ्याच कमी वेगाने जाणाऱ्या वस्तूला हे लागू पडत नाही. प्रवासी विमानाचे नाक आठवा, ते चांगले गोलसर असते. कमी वेगात हवेला बाजूला सरकायला पुरेसा अवधी मिळतो. तिला फक्त मऊ वळण हवे असते, टोक नको असते. आपल्या बाटलीच्या रॉकेटचा वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, इतका धरला तरी तो ध्वनीच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. तिथे अर्ध्या चेंडूसारखे किंवा अर्ध्या अंड्यासारखे नाक सुईसारख्या नाकाइतकेच चांगले काम देते. हवेचा अडथळा त्या वेगात मुख्यतः रॉकेटच्या अंगाला घासणाऱ्या हवेमुळे, पंखांमुळे आणि मागे उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे होतो.

मग कमी वेगाच्या रॉकेटचे नाक मोडते कशाने? हवेने नव्हे, जमिनीने. इथेच आरीचा प्रश्न येतो, आणि तो गणिताने सोडवला पाहिजे.

समजा, रिकामे झालेले रॉकेट १५० ग्रॅमचे आहे. पॅराशूट उघडले नाही आणि ते सेकंदाला २० मीटर वेगाने खाली आले. क्रिकेटचा सीझन बॉल साधारण १६० ग्रॅमचा असतो. म्हणजे आपले रॉकेट ताशी ७२ किलोमीटर वेगाने टाकलेल्या सीझन बॉलसारखेच झाले. त्याची गतिज ऊर्जा होते ३० ज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. नाक मऊ असेल आणि दबत दबत ५ सेंटिमीटर अंतरात थांबेल, तर सरासरी जोर ६०० न्यूटन येतो, म्हणजे ढोबळमानाने ६० किलो वजनाएवढा. नाक कडक असेल आणि ५ मिलिमीटरमध्येच थांबेल, तर तोच जोर दसपट, ६०० किलोएवढा. आर मोडणार नाही हे खरे, पण हा दसपट जोर ती मागच्या बाटलीला आणि जोडाला पोचवील. नाक वाचेल आणि रॉकेट फुटेल.

हे झाले मोकळ्या मैदानाचे. खाली कुणाचे डोके असेल तर? गोल रबरी नाक असेल तर टेंगूळ येईल, कदाचित इजाही होईल. तोच सगळा जोर आरीच्या टोकाएवढ्या जागेवर आला तर काय होईल, ते ज्याने भोवऱ्याला भोवऱ्याने गच्चा मारला आहे त्याला वेगळे सांगायला नको. अमेरिकेत १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत लहान रॉकेट्सबद्दल स्पष्ट लिहिले आहे की नाक, अंग आणि पंख हे हलक्या, धातू नसलेल्या वस्तूंचेच असावेत. मोठ्या, ताकदवान रॉकेट्सच्या नियमांत आवश्यक असेल तिथेच धातू चालतो, आणि तोसुद्धा वाकणारा, ठिकऱ्या न होणारा हवा. तेव्हा नववीच्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर आहे: नाही. कारण आर कमजोर आहे असे नाही, ती नको तिथे बळकट आहे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. हा छंद ज्या देशात रुजला तिथे तो कसा रुजला, हे आधी पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचे गाव आहे. तिथे ऑर्व्हिल कार्लाइल हे चपला-बुटांचे दुकानदार होते, त्यांना आतषबाजीचा शौक होता. भाऊ रॉबर्ट याच्यासोबत त्यांनी १९५४ साली कागदी नळीचे, पॅराशूटने परत येणारे आणि पुन्हा उडवता येणारे छोटे रॉकेट तयार केले. त्यात दारूची तयार कांडी आत सरकवायची, एवढेच वापरणाऱ्याचे काम. १९५७ साली रशियाने स्पुतनिक सोडला आणि अमेरिकेतली पोरे घरातल्या तळघरात, गॅरेजमध्ये रसायने कुटून रॉकेट्स करू लागली. बोटे गेली, डोळे गेले, जीवही गेले. व्हाइट सँड्स येथील क्षेपणास्त्र तळावर काम करणारे हॅरी स्टाइन यांना याची काळजी वाटत होती. कार्लाइल यांनी आपले नमुने त्यांनाच पाठवले होते. स्टाइन यांनी ओळखले की छंद टिकवायचा असेल तर इंधन बनवण्याचे काम मुलांच्या हातून काढून घेतले पाहिजे. पुढे व्हर्न एस्टिस यांनी या कांड्या बनवणारे यंत्र तयार केले आणि छंद घरोघरी पोचला. सुरुवातीची नाके बाल्सा या अतिहलक्या लाकडाची, लेथवर कातलेली असत. नंतर प्लास्टिक आले.

या कांड्यांना, म्हणजे मोटरींना, अक्षरांनी ओळखतात. ए, बी, सी अशा चढत्या क्रमाने प्रत्येक अक्षराची कमाल ताकद आधीच्या दुप्पट. दुप्पट-दुप्पट म्हणजे काय होते ते बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. 'एच' अक्षरापासून पुढे मोठा गट सुरू होतो. तिथे संघटनेची परीक्षा द्यावी लागते, आणि साधारणपणे १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच त्या मोटरी मिळतात. आवाजाहून वेगवान हौशी रॉकेट्स बहुतेक या गटातली. म्हणजे पालकांनी पडद्यावर पाहिलेला खेळ हा मुलांच्या हाती सरसकट दिलेला खेळ नाही.

पण त्यातले विज्ञान मात्र आपले आहे, ते शिकायला कोणाचा परवाना लागत नाही.

वेगवान रॉकेटच्या नाकापुढे हवेला सरकायला अवधीच नसतो. ती टोकापाशी दबते, आणि दबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा खालचा भाग गरम होतो तसेच हे. पुष्कळांना वाटते की नाक 'घासून' तापते. घर्षण बाजूंवर असतेच, पण ऐन टोकावरची उष्णता मुख्यतः हवा दबल्याची आहे. किती तापेल याचा एक सोपा हिशेब मुलांनी वहीत उतरवून घ्यावा. वेग मीटर-प्रति-सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, २००० ने भागा. येईल ते उत्तर म्हणजे टोकाशी हवेचे तापमान किती अंश सेल्सिअसने वाढू शकते त्याचा आकडा.

आपल्या बाटलीचे रॉकेट: ३० चा वर्ग ९००, भागिले २०००, म्हणजे अर्धा अंशसुद्धा नाही. ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर: वाढ ५८ अंश. त्याच्या दुप्पट वेगाला ६८० मीटर: २३१ अंश. तिप्पट वेगाला ५२० अंश. यात त्या दिवशीचे हवेचे तापमान मिळवायचे. पाहा, वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. वर्गाचा हा महिमा सातवीच्या गणिताच्या तासाला कोरडा वाटतो.

यावर हुशार विद्यार्थी विचारील की कॉन्कॉर्ड विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने तासन् तास उडे, मग त्याचे नाक का नाही जळाले? प्रश्न बरोबर आहे. त्याच्या नाकाच्या टोकाला १२७ अंश सेल्सिअसची मर्यादा घातलेली होती. परंतु ते विमान उडे त्या उंचीवर बाहेरची हवा शून्याखाली ५० अंशांहूनही थंड असे. म्हणून २३१ मिळवूनही बेरीज दीडशे-पावणेदोनशेच्या पुढे जात नव्हती, आणि आपला हिशेब कमाल मर्यादेचा असल्याने प्रत्यक्षात आणखी कमी. हौशी रॉकेटचे उलट आहे. त्याची मोटर दोन-चार सेकंदांत संपते, म्हणजे सर्वांत जास्त वेग त्याला जमिनीपासून फार वर न जाता, दाट आणि उबदार हवेतच येतो. त्याच्या बाजूने एकच गोष्ट असते, वेळ. उष्णता आत मुरायला अवधी लागतो आणि तोवर वेग उतरलेला असतो. तव्यावरून हात झटकन फिरवला तर भाजत नाही, ठेवला तर भाजतो.

इथून पदार्थांची निवड सुरू होते. आजकाल शाळा-कॉलेजांत थ्री-डी प्रिंटर आले आहेत आणि मुलांना वाटते की हवे ते नाक छापून घेता येईल. छापता येते. पण या यंत्रांत सर्वांत जास्त वापरले जाते ते पीएलए नावाचे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास नरम पडते. इंदूरच्या मे महिन्यात बंद मोटारीत ठेवले तर उडण्याआधीच ते नाक मान टाकील. एबीएस हे प्लास्टिक सुमारे १०५ अंशांपर्यंत तग धरते. शिवाय छापलेली वस्तू थरांवर थर चढून बनते, आणि थरांच्या मधल्या सांध्यात ती सर्वांत कच्ची असते. आडवा धक्का बसला की काकडीच्या चकतीसारखी सुटते. ध्वनीच्या वेगाखाली ही नाके चालतात, त्यापुढे जपून.

फुगवून केलेली पोकळ प्लास्टिकची नाके, आपल्या शाम्पूच्या बाटल्यांच्या जातीची, अतिशय चिवट असतात. आपटली तर उसळतात, फुटत नाहीत. त्यांची खोड एकच, गोंद धरत नाहीत. बाल्सा हलके पण नखानेही खळगा पडतो. चांगले टणक लाकूड कातून केलेले नाक आम्हाला आजही आवडते, कारण लाकूड उष्णता फार सावकाश आत नेते. टोक जरासे करपेल, पण आतला भाग थंड राहील. आपल्याकडे लाटणी आणि भोवरे कातणारे खरादी, म्हणजे मराठीतले कातारी, अजून आहेत. त्यांच्याकडून अर्ध्या तासात असे नाक होते.

ध्वनीच्या दुप्पट-तिप्पट वेगाची रॉकेट्स उडवणारे अनुभवी लोक मात्र बहुधा काचेच्या धाग्यांचे नाक घेतात. काचेचे धागे साच्यावर गुंडाळायचे, त्यात इपॉक्सी राळ मुरवायची, आणि ऐन टोकाला अॅल्युमिनियमचा किंवा पोलादाचा छोटा तुकडा आतून सळईने घट्ट आवळायचा. टोक उष्णता पिते, बाकीचे अंग आकार टिकवते. कार्बनचे धागे काचेहून ताठ आणि हलके, मग तेच का नाही? याचे उत्तर फार सुंदर आहे. नाकाच्या पोटात रेडिओ यंत्र बसवलेले असते, रॉकेट कुठे पडले ते तेच सांगते. काचेच्या धाग्यांतून रेडिओलहरी आरपार जातात, कार्बनमधून आणि धातूमधून जात नाहीत. अभेद्य नाक केले आणि रॉकेट वाळवंटात हरवले, तर त्या टिकाऊपणाचा उपयोग काय?

सुईसारखे अणकुचीदार टोक वेगवान रॉकेटलाही हिताचे नसते. बारीक टोकात पदार्थच थोडा, त्यामुळे ते आधी तापते आणि आधी वितळते. टोक किंचित बोथट ठेवले तर अडथळा जवळजवळ वाढत नाही आणि आयुष्य मात्र वाढते. लांबट, कमानदार आकार हवा. नाकाची लांबी व्यासाच्या पाचपट ठेवण्याची पद्धत पुष्कळ आहे.

या छंदाची वरची हद्द कुठवर गेली आहे? १७ मे २००४ रोजी अमेरिकेतील एका हौशी गटाने नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटातून सोडलेले रॉकेट १०० किलोमीटरची अंतराळाची सीमा ओलांडून गेले. हौशी रॉकेटने ती सीमा ओलांडण्याची ती पहिली वेळ. त्याच वाळवंटातून २० ऑक्टोबर २०२४ रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे 'आफ्टरशॉक २' हे रॉकेट सुमारे १४३ किलोमीटर उंच गेले. त्याचा वेग सेकंदाला साधारण १६०० मीटरपर्यंत पोचला होता. आपल्या हिशेबात बसवून पाहा: जवळपास १३०० अंशांची वाढ. पंखांच्या पुढच्या धारेवर त्यांनी टायटॅनियम लावले होते, ते परत आले तेव्हा तापून निळे पडले होते. आणि हे करणारे वीस-बावीस वर्षांचे विद्यार्थी होते, हे आपल्या दहावीच्या मुलांनी लक्षात घ्यावे.

इथवर आम्ही पदार्थांबद्दल बोललो. परंतु नाक दगा देते ते पुष्कळदा पदार्थामुळे नव्हे, जोडामुळे. आमच्या मते हाच या पाठाचा गाभा आहे.

नाकाचा खालचा भाग, त्याला खांदा म्हणू, नळीच्या आत सरकतो. निदान नळीच्या व्यासाइतका तरी तो आत गेला पाहिजे, नाहीतर नाक डगमगते आणि वेगात तिरके होते. तिरके झाले की हवेचा जोर एकाच बाजूने येतो, आणि मग काचेचे धागे असोत की पोलाद, नळी मुरगळते. दुसरे, मोटर विझली की हवा रॉकेटच्या पंखांना आणि अंगाला मागे खेचते, जड नाक मात्र आपल्या जडत्वाने पुढे जाऊ पाहते. चालत्या बसने करकचून ब्रेक लावल्यावर उभ्या माणसाचे होते तेच. नाक ऐन वेगात उपसून निघते, पॅराशूट बाहेर पडते आणि त्याच्या चिंध्या होतात. तिसरे तर कुणाच्या लक्षातही येत नाही. रॉकेट वर जाते तशी बाहेरची हवा विरळ होते, पण नळीत कोंडलेली हवा जमिनीवरचीच असते. तीन किलोमीटर उंचीवर बाहेरचा दाब जमिनीच्या सुमारे सत्तर टक्केच उरतो. ७५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत या फरकामुळे नाकाला आतून १३ किलोहून अधिक रेटा बसतो. खांदा सैल असला तर नाक आपोआप उडते. उपाय काय, तर नळीला एक बारीक भोक. शंभर रुपयांच्या धातूच्या टोकाने जे काम होत नाही ते फुकटच्या भोकाने होते.

आणि नाक योग्य क्षणी निघालेही पाहिजे. म्हणून अनुभवी लोक खांद्यात नायलॉनचे दोन-तीन बारीक स्क्रू घालतात. वाऱ्याला आणि झटक्याला ते पुरून उरतात, पण पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार उडाला की कापले जातात. किती घट्ट, हे ठरवूनच घट्ट करायचे.

हे न साधल्याची किंमत मोठमोठ्यांनी मोजली आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या पीएसएलव्ही-सी३९ या रॉकेटचे सर्व टप्पे नीट पेटले, परंतु नाकावरचे उष्णताकवच सुटलेच नाही, आणि आयआरएनएसएस-१एच हा उपग्रह त्याच्या आतच अडकून राहिला. अमेरिकेच्या नासानेही २००९ आणि २०११ साली दोन उपग्रह असेच गमावले. तिथे जो जोड ठरावीक क्षणी फुटायला हवा होता तो नीट फुटला नाही. त्या जोडातील अॅल्युमिनियमच्या चाचण्यांचे दाखले खोटे होते, असे नासाने २०१९ साली जाहीर केले. सत्तर कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. मालाची परीक्षा न करताच प्रयोगवहीत 'निरीक्षण बरोबर' लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा परिच्छेद मुद्दाम घातला आहे.

आपल्या देशाची सुरुवातही नाकापासूनच डोळ्यांसमोर येते. केरळातील थुंबा येथे सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचे नाक ठेवून नेणारी दोन माणसे, हे छायाचित्र आपण पाहिले असेल. तिथून पहिले रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाले, ते अमेरिकन बनावटीचे होते. आपले स्वतःचे पहिले, रोहिणी-७५, २० नोव्हेंबर १९६७ रोजी गेले. त्याचा व्यास होता ७५ मिलिमीटर, आजच्या एखाद्या मोठ्या हौशी रॉकेटएवढाच! मराठी माणसाला अभिमान वाटावा असे डॉ. वसंत गोवारीकर याच थुंब्यात घन इंधनावर काम करीत होते आणि १९७९ पासून तिथल्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक झाले. तिथे जे घडले ते शाळेच्या गॅरेजमध्ये घडले नाही, हेही तितकेच खरे.

तर पालकांच्या प्रश्नाला उत्तर असे. इंधनाची रॉकेट्स शाळेत होणार नाहीत. आपल्या देशात असे इंधन बनवणे आणि बाळगणे स्फोटक पदार्थांच्या कायद्याखाली येते, त्याला परवाना लागतो, आणि आगकाड्यांची डोकी खरवडून नळीत भरणे हा तर सरळ बोटे गमावण्याचा मार्ग आहे. कुणी विद्यार्थी घरी असे करताना दिसला तर पालकांनी ते लाडाने पाहू नये, आम्हाला कळवावे. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी दार बंद नाही. २०२५ साली उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात इन-स्पेस या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने कॉलेजच्या विद्यार्थ्यांची रॉकेट स्पर्धा झाली. तिथे मोटरी जाणकारांच्या ताब्यात असतात. बारावीनंतर त्या वाटेने जावे, शाळा शिफारसपत्र देईल.

पाण्याची रॉकेट्स मात्र चालू राहतील, विश्वस्त मंडळाने त्यासाठी मैदानाची पश्चिमेकडची बाजू मोकळी करून दिली आहे. नाकासाठी आमची पसंती कागदाच्या लगद्याला आहे. गणपतीत काही घरी लगद्याची मूर्ती करतात, तोच लगदा. अर्ध्या प्लास्टिक चेंडूच्या साच्यावर तीन-चार पातळ थर, प्रत्येक थर सावलीत पूर्ण वाळवून, आणि पुढे आतून स्पंजचा गोळा. चेपला तर दुसरा करता येतो आणि खर्च जवळजवळ शून्य. रबरी चेंडू अर्धा कापूनही चालेल, तो जड असतो आणि ते वजन वायाही जात नाही. नाक जड असले की रॉकेटचा तोल पुढे सरकतो आणि उड्डाण सरळ होते. तोल पाहायला रॉकेट सुतळीने मध्यावर आडवे टांगा, समतोल साधेल तिथे गाठ मारा आणि डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरले तर ठीक. शेपूट पुढे आली तर नाकात थोडी माती भरा.

यापुढे कोणतेही रॉकेट सोडण्याआधी प्रयोगशाळेत त्याच्या नाकाची परीक्षा होईल. पॅराशूटने नीट उतरणारे रॉकेट सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने जमिनीला लागते, आणि तो वेग सव्वा मीटरवरून सोडलेल्या वस्तूचा असतो. तेव्हा नाक रॉकेटसकट सव्वा मीटरवरून फरशीवर तीनदा सोडले जाईल. नंतर रॉकेट उलटे धरून झटकले जाईल, नाक आपोआप गळता कामा नये. मग नळीच्या मागून तोंडाने जोरात फुंकायचे, तेव्हा ते निघाले पाहिजे. शेवटी विज्ञानाचे शिक्षक नाकाचे टोक आपल्या तळहातावर दाबून पाहतील. तळहाताला टोचले तर रॉकेट त्या दिवशी उडणार नाही. परीक्षा दर शनिवारी चौथ्या तासाला. रॉकेट, पॅराशूट आणि हिशेबाची वही सोबत आणावी.